तारापूर उशाला, तरी अणुवीज हवी तेवढी का घेता येत नाही?

पालघर तालुक्यातल्या एका वीजग्राहकाने दरवाढीच्या सुनावणीला जाण्याआधी तीन गोष्टी विचारल्या आहेत. तारापूरचं अणुकेंद्र आमच्या उशाला आहे, मग तिथली वीज आधी आम्हाला का नाही? ती वीज रुपयाला युनिट पडायची असं ऐकतो, मग महावितरण ती आणखी का घेत नाही? आणि हल्ली दुपारी सौरवीज उतू जाते, तर त्या वेळी अणुभट्टी मंद करून संध्याकाळी वाढवायला अडचण काय?

माझी सगळी नोकरी राज्याच्या लोड डिस्पॅचमध्ये गेली. कुठल्या केंद्राने किती वीज द्यायची, मागणी घसरली की कुणाला खाली आणायचं, फ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं, पडली की कुठला फीडर, म्हणजे गावांना वीज नेणारी वाहिनी, बंद करायचा, हे ठरवणारी ती जागा. अणुकेंद्र चालवणारे लोक वेगळे, मी त्यांची वीज घेणाऱ्या बाजूचा. उत्तर त्याच बाजूने देतो आणि तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो सुटला की पहिले दोन बरेचसे आपोआप सुटतात.

कोळशाच्या केंद्राला आम्ही फोन करून सांगायचो, शंभर मेगावॉट खाली या. ते यायचे. कोयनेला सांगितलं तर पाच-दहा मिनिटांत पाण्याचं यंत्र शून्यावरून पूर्ण भारावर जायचं. अणुकेंद्राला असा फोन आम्ही करायचो नाही. नवीन इंजिनिअर रुजू झाला की त्याला पहिल्या आठवड्यातच हे सांगितलं जायचं आणि तो हमखास विचारायचा, का?

त्याचं कारण भट्टीच्या पोटात आहे. युरेनियमचा अणू फुटला की त्याचे जे तुकडे होतात, त्यांतून आयोडीन-१३५ तयार होतं. साडेसहा तासांत ते निम्मं उरतं आणि बाकीच्या निम्म्याचं झेनॉन-१३५ झालेलं असतं. हा झेनॉन न्यूट्रॉनचा भयंकर भुकेला. न्यूट्रॉनवर तर भट्टीची सगळी साखळी चालते. भट्टी पूर्ण भारावर असते तेव्हा झेनॉन जेवढा तयार होतो तेवढाच न्यूट्रॉन गिळून आणि विघटन होऊन संपतोही, त्यामुळे हिशेब जुळलेला राहतो. आता आपण भार अचानक कमी केला असं धरा. न्यूट्रॉन कमी झाले, म्हणजे झेनॉन जाळणारी आग मंदावली. पण आधीच साठलेलं आयोडीन थांबत नाही, ते झेनॉन बनवतच राहतं. पुढचे कित्येक तास झेनॉन चढत जातो आणि नेमक्या ज्या वेळी आपल्याला भट्टी पुन्हा वर न्यायची असते, त्या वेळी तो आत मांड ठोकून बसलेला असतो.

तारापूरची तिसरी आणि चौथी भट्टी, काक्रापार, कैगा, ही सगळी जड पाण्याची केंद्रं नैसर्गिक युरेनियमवर चालतात. समृद्ध न केलेल्या, म्हणजे फुटणाऱ्या अणूंचं प्रमाण न वाढवलेल्या, या इंधनात झेनॉनवर मात करायला लागणारी शिल्लक ताकद फार थोडी असते. अशी भट्टी पूर्ण भारावरून ट्रिप झाली, म्हणजे अचानक बंद पडली, आणि साधारण अर्ध्या तासात पुन्हा उभी राहिली नाही, तर झेनॉन ओसरेपर्यंत दीड दिवस थांबण्यावाचून इलाज नसतो. म्हणून दुपारी खाली, संध्याकाळी वर, हा खेळ तिच्याशी रोज खेळता येत नाही.

थंडीतली एक पहाट आठवते. एका अणुकेंद्राच्या लाइनवर दोष आला, संरक्षण यंत्रणेने लाइन तोडली आणि पाठोपाठ युनिटही गेलं. वीस मिनिटांत लाइन परत आली. माझ्याबरोबर पाळीवर असलेला मुलगा खूश झाला, म्हणाला, साहेब, निभावलं. मी घड्याळ पाहत होतो. केंद्राकडून फोन आला तेव्हा चाळीस मिनिटं होऊन गेली होती. त्या दिवसाच्या पंधरा-पंधरा मिनिटांच्या ९६ खणांमध्ये त्या युनिटपुढे आम्ही शून्य लिहिलं आणि दुसऱ्या दिवसाच्याही निम्म्याअधिक खणांत शून्यच लिहावं लागलं. सकाळची मागणी चढायला लागली होती. त्या दिवशी कुठल्या गावांची वीज आम्ही काढली ते अजून डोळ्यांसमोर आहे.

मग परदेशात कसं जमतं, हे तुम्ही विचाराल. फ्रान्समध्ये अणुभट्ट्यांचा भार खरोखरच कमीजास्त करतात. पण तिथे देशाची दोन-तृतीयांशच्या आसपास वीज अणूतून येते. भार बदलल्याशिवाय त्यांचं विजेचं जाळंच चालणार नाही, म्हणून त्यांनी समृद्ध इंधन, कमी ताकदीच्या खास नियंत्रण कांड्या, अशी तयारी पहिल्यापासून केली. शिवाय एकदा भरलेलं इंधन संपत आलं की त्यांनाही तशी मोकळीक उरत नाही. आपल्याकडे देशाच्या एकूण विजेत अणूचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास आहे. एवढ्या वाट्यासाठी भट्टीला वर-खाली नाचवण्यापेक्षा तिला स्थिर ठेवून कोळसा आणि पाणी नाचवणं केव्हाही शहाणपणाचं.

याच बाबतीत तारापूरची एक गोष्ट फारशा लोकांना माहीत नाही आणि मला ती नेहमी सांगावीशी वाटते. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने बांधून दिल्या. करार १९६४ चा, वीज ऑक्टोबर १९६९ पासून. उकळत्या पाण्याच्या या भट्ट्या, प्रत्येकी २१० मेगावॉटच्या. महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे होऊन नऊ वर्षं झाली होती आणि दोन्ही राज्यांची जाळी तेव्हा लहान होती. त्या जाळ्यात २१० मेगावॉटचं एक यंत्र म्हणजे डोंगरच. रात्री मागणी घसरली की एवढं यंत्र खाली आणता आलं पाहिजे, ही गरज बांधणाऱ्यांना ठाऊक होती. म्हणून या भट्ट्यांना दुहेरी वाफेचं चक्र दिलं होतं. भट्टीत तयार झालेली वाफ थेट टर्बाइनच्या पहिल्या टप्प्यात जायची. त्याशिवाय भट्टीतून फिरणाऱ्या गरम पाण्याने एका वेगळ्या जनित्रात दुसरी वाफ बनायची आणि ती टर्बाइनच्या मधल्या टप्प्यात शिरायची. मागणी वाढली की दुसऱ्या वाफेची झडप जास्त उघडायची. जास्त वाफ काढली की भट्टीत परतणारं पाणी जास्त थंड व्हायचं आणि थंड पाण्याने भट्टीची ताकद आपोआप वाढायची. म्हणजे भट्टी जाळ्याच्या मागे मागे चालायची. किती सुंदर कल्पना!

पण त्या दुय्यम वाफ-जनित्रांच्या नळ्या गळू लागल्या. किरणोत्सर्गी पाणी वाहणाऱ्या भागात शिरून पुन्हा पुन्हा नळ्या बुजवत बसणं म्हणजे माणसांना विनाकारण किरणोत्सर्गाची मात्रा घ्यायला लावणं. १९८० च्या दशकात ती जनित्रं कायमची बाजूला काढली आणि युनिटची क्षमता २१० वरून १६० मेगावॉटवर आणली. भार कमीजास्त करता यावा म्हणून जो भाग लावला, तोच आधी निकामी झाला. उरलेलं साधं, स्थिर यंत्र त्यानंतरही अनेक दशकं वीज देत राहिलं. २०२० मध्ये ही दोन्ही युनिटं मोठ्या दुरुस्तीसाठी थांबवली, तोवर ती जगातल्या सर्वांत जुन्या चालत्या व्यापारी भट्ट्यांमध्ये गणली जात होती. माझ्या मते अणुवीज कशी वापरावी याचा धडा याच इतिहासात आहे. ती मागणीच्या तळाशी ठेवायची. रात्री तीन वाजता, सगळं गाव झोपलेलं असताना जेवढी वीज लागतेच लागते, तेवढ्याचा काही भाग तिने उचलायचा आणि चढ-उतार दुसऱ्यांनी सांभाळायचे.

हे तत्त्व धरलं की दुसरा प्रश्न, दराचा, समजायला सोपा जातो. कोळशाच्या केंद्राला आपण दोन भागांत पैसे देतो. स्थिर आकार वीज घेतली नाही तरी द्यावा लागतो आणि इंधनाचा आकार घेतलेल्या युनिटांवर पडतो. अणुकेंद्राचा दर मात्र एकाच भागात आहे. युनिटमागे एक रक्कम, त्यातच सगळं आलं. हा दर १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याप्रमाणे अणुऊर्जा विभाग ठरवत आला. बाकी केंद्रांप्रमाणे तो वीज नियामक आयोगापुढे सुनावणीला येत नव्हता. रुपयाच्या आसपासचा दर होता तो तारापूरच्या पहिल्या दोन युनिटांचा आणि तो बरीच वर्षं खरोखर तेवढा होता, कारण त्यांचं बांधकामाचं कर्ज केव्हाच फिटलं होतं. २००५ आणि २००६ मध्ये सुरू झालेल्या तिसऱ्या-चौथ्या युनिटांचा दर त्याहून बराच जास्त आहे, नव्या केंद्रांचा आणखी. अणुविजेच्या किमतीत इंधनाचा भाग लहान असतो. मोठा भाग असतो बांधकामाचा आणि ते रखडलं तर त्यावर चढणाऱ्या व्याजाचा. जुनं अणुकेंद्र स्वस्त आणि नवं महाग, यात गौडबंगाल काही नाही, घराच्या हप्त्यासारखंच आहे ते.

इथे एक बारकावा आहे आणि सुनावणीत बोलणाऱ्या माणसाला तो माहीत हवा. स्वस्त आधी, महाग नंतर या क्रमाने आम्ही केंद्रं लावतो तेव्हा कोळशाचा फक्त इंधन-आकार धरला जातो. खाणीच्या तोंडावरच्या काही केंद्रांचा तो दोन रुपयांच्या आतबाहेर असतो. अणुकेंद्राचा मात्र अख्खा दर त्याच रांगेत उभा राहील. म्हणजे कागदावर अणुवीज महाग दिसेल आणि मागणी घसरली की आधी तिला खाली आणा असा हिशेब निघेल. प्रत्यक्षात अणुकेंद्र खाली आणून देशाचं फारसं काही वाचत नाही, कारण बांधकामाचा खर्च तर झालेलाच असतो. शिवाय झेनॉनची गोष्ट आहेच. म्हणून अणुवीज या रांगेच्या बाहेर ठेवली जाते, तिला 'चालवलीच पाहिजे' असा दर्जा असतो. यावर कुणी आक्षेप घेतला तर तो नीट समजून घेतलेला असावा, एवढीच माझी इच्छा.

मग जास्त का घेत नाही? कारण घेणं महावितरणच्या हातात नाही. केंद्रीय प्रकल्पांची वीज राज्यांना वाटून दिली जाते. सर्वसाधारण सूत्र असं की १५ टक्के केंद्राच्या हाती न वाटलेली राहते, १० टक्के ज्या राज्यात प्रकल्प आहे त्याला आणि उरलेली त्या क्षेत्रातल्या राज्यांना. तारापूरची पहिली दोन युनिटं या सूत्राच्या आधीची, ती महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात निम्मी-निम्मी. तिसऱ्या-चौथ्या युनिटांच्या १०८० मेगावॉटमधून आपल्याला साधारण चारशे मेगावॉट येतात, बाकी गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड, थोडी गोव्याला. बदल्यात गुजरातमधल्या काक्रापारचा वाटा आपल्याला मिळतो. महावितरणची कमाल मागणी आता पंचवीस हजार मेगावॉटच्या पुढे जाते, त्यापुढे हे आकडे ठेवून बघा.

पहिला प्रश्न आता एका वाक्यात संपतो: तारेतली वीज नाव घेऊन येत नाही, तारापूरची वीज बोईसर आणि पडघ्याच्या उपकेंद्रांतून सगळ्या जाळ्यात मिसळते आणि पालघरच्या दिव्यात ती शास्त्राप्रमाणे सर्वांत आधी पोचतेही, फक्त बिल वाट्याप्रमाणे होतं. पण तुमच्या प्रश्नामागची भावना वेगळी आहे आणि ती मला समजते. तिसऱ्या-चौथ्या युनिटांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली. समुद्रावर जगणाऱ्या माणसांना समुद्रापासून लांब नेऊन घरं दिली. त्या लोकांचं गाऱ्हाणं वीज कुणाला मिळते याबद्दल नाही, पुनर्वसन कसं झालं याबद्दल आहे आणि ते न्यायालयापर्यंत गेलं. आम्ही डिस्पॅचवाले आकड्यांत बोलतो. पण १०८० मेगावॉट म्हटलं की त्या आकड्याखाली दोन गावं आहेत, हे विसरू नये.

आता जी बाजू कुणी विचारत नाही ती सांगतो. वीज कंपनी अणुकेंद्राकडून फक्त घेत नाही, तिला देतेही. भट्टी बंद केली की उष्णता थांबत नाही. बंद केल्याक्षणी पूर्ण उष्णतेच्या सहा-सात टक्के, तासाभराने दीड टक्क्याच्या आसपास, एका दिवसाने अर्ध्या टक्क्याच्या आसपास, अशी ती हळूहळू उतरते. ५४० मेगावॉट वीज देणाऱ्या भट्टीची उष्णता त्या विजेच्या तिपटीहून जास्त असते, तेव्हा अर्धा टक्का म्हणजेसुद्धा कित्येक मेगावॉट. ती वाहून न्यायला पंप हवेत, पंपांना वीज हवी. आपल्या जड पाण्याच्या केंद्रांत विजेच्या चार पायऱ्या असतात. चौथ्या वर्गाची वीज बाहेरच्या जाळ्याची, तिसऱ्या वर्गाची डिझेल जनित्रांची, दुसऱ्या वर्गाची अखंडित पुरवठ्याची आणि पहिल्या वर्गाची बॅटरीची. म्हणजे केंद्राच्या सुरक्षेची सर्वांत बाहेरची भिंत म्हणजे आमचं जाळं. ११ मार्च २०११ रोजी फुकुशिमात भूकंपाने बाहेरची वीज आधी गेली, त्सुनामीने डिझेल नंतर गेलं. बोलताना लोक त्सुनामीच सांगतात. मला मात्र आधी पडलेल्या लाइन दिसतात.

म्हणूनच ३० जुलै २००२ च्या रात्री पश्चिम क्षेत्राचं जाळं कोसळलं तेव्हा आमच्या मनात पहिला विचार मुंबईचा नव्हता. जाळं पुन्हा उभं करताना जलविद्युत केंद्रं आधी उठतात, कारण त्यांना बाहेरची वीज जवळजवळ लागत नाही. त्यांची वीज सर्वांत आधी जिथे पोचवायची, त्यांत अणुकेंद्रं असतात. ते भट्ट्या सुरू करण्यासाठी नसतं, बंद भट्ट्यांचे पंप जाळ्यावर घेण्यासाठी असतं. लोकांना वाटतं आधी शहर उजळावं. तसं करायचं नसतं.

किनाऱ्यावरच्या लाइनचं दुखणंही याच पोटातलं. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने इन्सुलेटरवर मिठाचा थर बसतो, हिवाळ्यातल्या धुक्याने तो ओला होतो आणि पहाटे ठिणगी पळते. पावसाळा संपला की इन्सुलेटर धुणं, पोर्सेलिनच्या जागी पॉलिमरचे लावणं, हे काम कंटाळवाणं आहे, त्यात फोटो काढण्यासारखं काही नसतं. पण एका धुतलेल्या इन्सुलेटरने अणुकेंद्राचे दीड दिवस वाचू शकतात. फ्रिक्वेन्सीचंही तसंच. २००२ च्या आधी पश्चिम जाळ्यात ती संध्याकाळी ४९ हर्ट्झच्या खूप खाली आणि रात्री ५१ च्या वर जायची. त्या वर्षी १ जुलैपासून आपल्या क्षेत्रात उपलब्धतेवर आधारित दरपद्धत आली, ठरलेल्या वेळापत्रकाची शिस्त मोडणाऱ्याला पैसे मोजावे लागू लागले आणि काटा जागेवर येऊ लागला. आज ४९.९० ते ५०.०५ हा पट्टा आहे. तरुण इंजिनिअरांना आम्ही पाहिलेला काटा सांगितला तर खरा वाटत नाही.

एवढं सगळं सांभाळून अणुवीज घ्यायची कशाला, असं वाटेल. मला ती हवी आहे आणि त्याचं कारण मी २००५ ते २००८ च्या भारनियमनात पाहिलं. कोळशाच्या ५०० मेगावॉटच्या युनिटला दिवसाला सात-आठ हजार टन कोळसा लागतो, म्हणजे मालगाडीच्या दोन रेक, रोज. पावसाळ्यात ओला कोळसा आला की तो दळणाऱ्या चक्क्या तुंबतात आणि भार पडतो. तारापूरच्या ५४० मेगावॉटच्या युनिटला दिवसाला पाव टनाच्या आसपास युरेनियम पुरतं, तेही भट्टी न थांबवता भरता येतं. ती युनिटं सुरू झाली त्या दिवसांत आम्ही शंभर-शंभर मेगावॉट मोजून गावांना वीज देत होतो. तेव्हा तो वाटा काय होता हे ज्याने फीडर बंद केले त्यालाच कळेल. अर्थात तिथेही इंधनाचा प्रश्न आलाच. देशातलं युरेनियम कमी पडलं आणि त्या काळात आपल्या बऱ्याच भट्ट्या निम्म्या ताकदीवर चालल्या. सप्टेंबर २००८ मध्ये अणुपुरवठादार देशांच्या गटाने भारताला सवलत दिल्यानंतर बाहेरचं इंधन येऊ लागलं, तेही आंतरराष्ट्रीय देखरेखीखालच्या भट्ट्यांसाठीच.

दुपारच्या सौरविजेचं काय करायचं, हे मात्र खरंच सोडवायला हवं. शेतीपंप दिवसा सौरवाहिन्यांवर जात आहेत, चांगलंच आहे. पण दुपारी कोळसा किमान भारापर्यंत खाली आणूनही वीज उरते आणि सूर्य मावळताना काही हजार मेगावॉट तासा-दोन तासांत चढवावे लागतात. त्यासाठी भट्टीकडे बघू नका, पाण्याकडे बघा. कोयनेची १९६० मेगावॉट क्षमता संध्याकाळीच वापरावी, पण पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला कृष्णा पाणीवाटप लवादाची वार्षिक मर्यादा आहे. घाटघरला दुपारी पाणी वर चढवून संध्याकाळी खाली सोडता येतं, पण ते २५० मेगावॉटचंच आहे. सह्याद्रीचा एवढा कडा आपल्याला मिळाला असताना अशी केंद्रं मूठभरच असावीत, याचं मला फार वाईट वाटतं.

तर सुनावणीत अणुवीज कमी का घेता, असं विचारू नका, त्याचं उत्तर वाटपाच्या सूत्रात आहे. विचारा की गेल्या वर्षी अणुकेंद्रांची देखभालीसाठीची नियोजित बंदी कुठल्या महिन्यांत होती. आपल्याकडे पावसाळ्यात शेतीपंप थांबतात आणि मागणी उतरते, बंदी तेव्हा यावी यासाठी पश्चिम क्षेत्रीय ऊर्जा समितीत महावितरणने आग्रह धरला का? एप्रिलमध्ये युनिट बंद असेल तर त्याबदली बाजारातून घेतलेली वीज कुठल्या भावाने पडली, तेही विचारा. अणुकेंद्रांना जोडणाऱ्या लाइन वर्षभरात किती वेळा ट्रिप झाल्या, हे उच्चदाब लाइन सांभाळणाऱ्या महापारेषणला विचारा. आणि उत्तर लेखी मागा, तोंडी दिलेले आकडे नंतर सापडत नाहीत.